उशिरा उमटणारी औषधे

२०२१ चा मे-जून महाराष्ट्र विसरलेला नसावा. करोनातून बरी होऊन घरी गेलेली माणसे आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा रुग्णालयाच्या दारात येत होती. गाल सुजलेला, नाकातून काळपट स्राव, एका डोळ्याची पापणी उघडत नाही. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. कुणाचा वरचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा. २० मे रोजी केंद्राने राज्यांना सांगितले की या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद साथरोग कायद्याखाली सक्तीची करा. सर्वाधिक रुग्ण सापडत होते त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात पुढे होते. नंतर डॉक्टरांनी या रुग्णांचे कागद तपासले तेव्हा दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या: ताब्यात नसलेला मधुमेह, आणि गरज नसताना, गरजेपेक्षा जास्त किंवा गरजेपेक्षा लांबवून दिलेले स्टिरॉइड.

स्टिरॉइड हे चुकीचे औषध नव्हते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने ते सिद्ध केले होते. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त १० दिवस. एवढ्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमधले सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काहीही फायदा दिसला नाही. किती द्यायचे, किती दिवस द्यायचे, कुणाला द्यायचे, तिन्ही उत्तरे त्या एकाच चाचणीत होती. आपल्याकडे औषधाचे नाव तेवढे पोचले, बाकीचे वाटेतच गळाले. घरी बसलेल्या, ऑक्सिजनची पातळी ९७ असलेल्या माणसालाही पहिल्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांनी त्या गल्लोगल्ली नेल्या.

याला निष्काळजीपणा म्हणून आपण मोकळे झालो. माझ्या मते दुखणे त्याहून खोल आहे. हे औषध ज्या रीतीने शरीरात काम करते, ती रीतच आपल्या औषध-व्यवस्थेच्या हिशेबात नाही. गोळी घेतली आणि अंगावर पित्त उठले, इंजेक्शन दिले आणि भोवळ आली, असे लगेच दिसणारे नुकसान पकडायला ही व्यवस्था तयार आहे. जे नुकसान महिन्याने, वर्षाने, भलत्याच आजाराचे रूप घेऊन येते, त्यासाठी तिच्याकडे डोळेच नाहीत.

दम्याचा तातडीचा पंप ओढला की काही मिनिटांत छाती मोकळी होते. त्या औषधाचे काम पेशीच्या बाहेरच्या आवरणावर चालते. न्यूक्लिअर रिसेप्टरवर चालणाऱ्या औषधांचे काम आत असते. हे रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आत राहणारी प्रथिने, माणसात एकूण ४८. एखादे संप्रेरक, जीवनसत्त्व, पित्ताम्ल किंवा औषधाचा रेणू येऊन त्यांच्या खोबणीत बसला, की ती थेट डीएनएला जाऊन भिडतात आणि कोणते जनुक चालवायचे, कोणते दाबायचे ते ठरवतात. मग त्या जनुकाची प्रत निघते, प्रतीवरून प्रथिन बनते, ते साठत जाते किंवा हळूहळू सरते. याला तास लागतात, दिवस लागतात, कधी आठवडे. औषध बंद केले तरी बनून बसलेले प्रथिन लगेच जात नाही. स्टिरॉइड, थायरॉइडची गोळी, ड जीवनसत्त्व, गर्भनिरोधक गोळ्या, मुरुमांवरचे ट्रेटिनॉइन, स्तनाच्या कर्करोगातले टॅमॉक्सिफेन, मधुमेहातले पायोग्लिटाझोन: ही सगळी एकाच घराण्यातल्या रिसेप्टरांवर चालतात. औषधांच्या दुकानातले कितीतरी कप्पे या ४८ प्रथिनांपैकी मोजक्यांच्या जिवावर भरलेले आहेत.

आता स्टिरॉइडचा रिसेप्टर जवळून पाहू. तो शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतो. सूज पेटवणारी जनुके तो दाबतो, म्हणून फुप्फुस वाचते. यकृतात साखर तयार करणारी विकरेही (एन्झाइम) तोच वाढवतो, म्हणून रक्तातली साखर चढते. प्रतिकाराच्या पेशींना तो थंड करतो, हाड बांधणाऱ्या पेशींना मंद करतो, त्वचेतले कोलॅजन घटवतो. शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टिरॉइड, भरपूर आहे असा निरोप मेंदूला त्याच्याकडूनच जातो, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काम थांबवतात. काळ्या बुरशीच्या त्या रुग्णाची चढलेली साखर आणि झोपलेली प्रतिकारशक्ती, दोन्हींचा फायदा बुरशीला मिळाला. त्याचे फुप्फुस वाचवणारा आणि त्याचा डोळा घालवणारा रिसेप्टर एकच होता. फरक मात्रेचा, मुदतीचा आणि माणसाचा.

हे काही काल कळलेले नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली या कामाला नोबेल मिळाले. त्याच सुमारास चेहरे गोल होणे, मन बिघडणे, हाडे ठिसूळ होणे हेही समोर येऊ लागले होते. तेव्हापासून औषध कंपन्या एकच स्वप्न पाहत आहेत: सूज दाबेल पण बाकी काही करणार नाही असे स्टिरॉइड. १९८५ मध्ये रोनाल्ड एव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने हा रिसेप्टर जनुकापासून उलगडला तेव्हा ते हाताशी आल्यासारखे वाटले. ड्युशेन स्नायुविकृतीच्या मुलांसाठी २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हॅमोरोलोन त्या दिशेने थोडे पुढे गेले आहे. मुलांची उंची ते कमी अडवते असे दिसले, पण अधिवृक्क ग्रंथी दबते ती दबतेच. टॅमॉक्सिफेनची गोष्ट याच वळणाची. स्तनात ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला अडवते, गर्भाशयाच्या अस्तरात मात्र त्यालाच चेतवते, म्हणून तिथल्या कर्करोगाची जोखीम थोडी वाढते. तरीही ते असंख्य बायकांचे प्राण वाचवते आणि ते द्यायलाच हवे. गुण आणि दोष एकाच खोबणीतून येत असतील, तर ‘निर्धोक’ आणि ‘घातक’ असे औषधांचे दोन ढीग करताच येणार नाहीत. कुणाला, किती, किती दिवस आणि सोबत काय, हे चार प्रश्न विचारणे हीच या औषधांची सुरक्षितता आहे.

आणि नेमके हेच प्रश्न आपल्याकडे विचारले जात नाहीत. कोणत्याही तालुक्याच्या गावात संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभे राहा. “दादा, गजकर्णाची ती ट्यूब द्या ना, मागच्या वेळची.” दादा मागे न बघता कप्प्यातून ट्यूब काढतात. “घ्या ताई, चार दिवसांत खाज जाईल.” खाज खरोखरच जाते. ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषध असते, जंतुनाशक असते आणि क्लोबेटासोलसारखे अत्यंत जहाल स्टिरॉइडही असते. स्टिरॉइड सूज दाबते, खाज थांबते, ताई ट्यूब बाजूला ठेवतात. बुरशीला मात्र आता अडवणारे कुणी उरलेले नसते. तीन आठवड्यांनी चट्टा दुप्पट होतो, कडा पुसट झाल्यामुळे डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही, घरातल्या लेकरांनाही लागण होते. पुन्हा तीच ट्यूब येते. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर पांढरट भेगा उमटतात, आणि त्या जन्मभर राहतात. औषधाला दाद न देणाऱ्या गजकर्णाची जी लाट भारतातले त्वचारोगतज्ज्ञ गेल्या दशकापासून झेलत आहेत, तिच्या मुळाशी असलेल्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे.

चेहऱ्यावर लावण्याच्या मलमांची गत याहून वाईट, कारण तिथे आजारच नसतो. गोरे दिसायचे असते. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा उजळतोही. मग तो लाल पडतो, केसाएवढ्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, ओठांवर आणि हनुवटीवर लव वाढते. मलम सोडले की आग होते, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टिरॉइडांच्या मलमांची पळवाट बुजवून ती शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत. कायदा झाला. काउंटर तसाच राहिला. औषध निरीक्षकांची संख्या दुकानांच्या मानाने तुटपुंजी असते हे मान्य, पण यातली सगळीच कामे निरीक्षकाची नाहीत. घाऊक विक्रेत्याकडून कोणत्या दुकानात महिन्याला या ट्यूबांचे किती खोके गेले, हे बिलांवर लिहिलेले असते. ज्या दुकानात खोक्यांची थप्पी लागते आणि चिठ्ठ्यांचा पत्ता नसतो, ते शोधायला छापा टाकावा लागत नाही.

आता याच घराण्यातला दुसरा रिसेप्टर, ज्याची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. त्याचे नाव पीएक्सआर. तो मुख्यतः यकृतात आणि आतड्यात असतो आणि परका रेणू ओळखणे हे त्याचे काम. तसा रेणू दिसला की परक्या रसायनांचे तुकडे करणारी विकरे तो वाढवतो. त्यातले एकटे सीवायपी-३ए४ नावाचे विकर आज वापरात असलेल्या औषधांपैकी जवळपास निम्म्यांच्या विघटनात भाग घेते. या रिसेप्टरला जोरदार चेतवणारे आपल्या ओळखीचे औषध आहे रिफॅम्पिसिन, क्षयरोगाच्या उपचाराचा कणा. लघवी नारिंगी करणारी गोळी म्हणून रुग्ण तिला ओळखतात. सहा महिने ती रोज घ्यायची असते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, म्हणजे कोणत्याही क्षणी या देशात लाखो यकृते या एका औषधामुळे जादा वेगाने चालत असतात.

तो वेग रिफॅम्पिसिनपुरता राहत नाही. गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरके त्याच विकरांनी नष्ट होतात. रक्त पातळ करणारी गोळी कमी पडते, मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर घटतो. एचआयव्हीच्या उपचारातले डोल्युटेग्राव्हिर रिफॅम्पिसिनबरोबर दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावे लागते. गर्भनिरोधक गोळ्या निष्फळ ठरत असल्याच्या नोंदी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच युरोपातल्या डॉक्टरांनी केल्या होत्या. यामागे पीएक्सआर आहे हे १९९८ मध्ये उलगडले. उंदरांवर कितीही प्रयोग केले असते तरी हे नीट दिसले नसते, कारण उंदराच्या पीएक्सआरची खोबण वेगळी आहे आणि रिफॅम्पिसिनला ती जवळपास दादच देत नाही. प्राण्यांवरच्या चाचण्या पार पडल्या म्हणजे औषध निर्धास्त, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. माणसात काय होते हे शेवटी माणसांच्या नोंदींतूनच कळते.

गावात काय होते पाहा. आशाताईंच्या पिशवीत माला-एन या सरकारी गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे असतात. गावातल्या क्षयरुग्णाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणारीही अनेकदा आशाताईच असते. एकाच बाईच्या हाती एकाच व्यक्तीकडून दोन औषधे येतात आणि दुसरे पहिल्याला मारून टाकते. रिफॅम्पिसिनचा पुरा जोर चढायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग मध्येच अंगावर थोडे जाते, आणि एखादीला दिवस राहतात. गोळ्या नियमित घेऊनही. घरात तिच्यावर ठपका बसतो की विसरली असशील. क्षयाने आधीच अशक्त झालेल्या शरीराला नको असलेले गरोदरपण पेलावे लागते. यावरचा उपाय त्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट आहे: तांबी, किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार रिफॅम्पिसिनबरोबर हे दोन्ही विनाअडथळा वापरता येतात. ही सगळी माहिती पाठ्यपुस्तकांत छापलेली आहे. ती बाईच्या कानापर्यंत जाण्यासाठी उपचार सुरू होताना कुणीतरी एक प्रश्न विचारायला हवा: ताई, पाळणा लांबवायला काही घेताय का? लाजेपोटी तो विचारला जात नसेल, तर ही लाज फार महागात पडते आहे.

‘हे सगळे इंग्रजी औषधांचे, आम्ही आयुर्वेदिक घेतो’ असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे थांबून गुग्गुळाविषयी सांगायला हवे. गुग्गुळ मेदावर चालतो का, याचा आधुनिक शोध बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ साली जी. व्ही. सत्यवती यांच्या प्रबंधातून सुरू झाला आणि लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावरून गुग्गुलिपिड तयार केले. ते अभिमानास्पद काम आहे. पुढे कळले की त्यातले गुग्गुलस्टेरोन पित्ताम्लांच्या न्यूक्लिअर रिसेप्टरवर चालते, आणि पीएक्सआरलाही चेतवते. म्हणजे ते दुसऱ्या औषधांची पातळी पाडू शकते. निसर्गातून आले म्हणून रिसेप्टर त्याला वेगळा न्याय देत नाही. गुग्गुळ घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरला ते सांगितले पाहिजे, आणि डॉक्टरने ते नाक न मुरडता ऐकले पाहिजे. नाक मुरडले जाते म्हणूनच माणसे सांगत नाहीत.

सरकारला जाग येते तेव्हा काय होते, याचा नमुना म्हणजे पायोग्लिटाझोन. पीपार-गॅमा या रिसेप्टरवर चालणारे मधुमेहाचे हे स्वस्त औषध. त्याच रिसेप्टरमुळे शरीरात पाणी साठते, पाय सुजतात, दुबळे हृदय आणखी दमते, बायकांची हाडे मोडण्याचे प्रमाण वाढते. मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका आल्याने फ्रान्सने २०११ मध्ये त्याचा वापर थांबवला. भारताने जून २०१३ मध्ये एका अधिसूचनेने त्याची निर्मिती आणि विक्री बंद केली. मधुमेहतज्ज्ञांनी ओरड केली, ती रास्तही होती, कारण गरीब रुग्णाला परवडणाऱ्या मोजक्या पर्यायांपैकी ते एक होते. जुलैअखेर बंदी उठली आणि चौकटीतला इशारा छापण्याची अट आली. दीड महिन्यात पूर्ण बंद आणि पूर्ण चालू. हृदय दुबळे असलेल्याला देऊ नका, मूत्राशयाचा कर्करोग होऊन गेलेल्याला देऊ नका, कमी मात्रेने सुरू करा, ही मधली सगळी वाट इंग्रजीतल्या बारीक अक्षरांवर सोडून दिली. ज्याच्या पायांवर सूज चढणार आहे, त्याला ते वाचता येत नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो मला गंभीर वाटतो. गावात डॉक्टर नाही, चिठ्ठीची सक्ती केली तर गरिबाला औषधच मिळणार नाही. शिवाय स्टिरॉइडची एवढी भीती घातली तर ज्यांना ते हवे तेही सोडतील. भीतीचे नुकसान खरे आहे. दम्याच्या लेकराचा रोजचा पंप ‘त्यात स्टिरॉइड आहे’ म्हणून बंद करणारे आईबाप मी पाहिले आहेत, आणि त्या लेकराचा रात्रीचा श्वासही ऐकला आहे. बाळ दिवसांच्या आधी येणार असे दिसले, तर योग्य आठवड्यांत आईला बारा-बारा तासांनी दिलेली डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बाळाची फुप्फुसे वेळेत तयार करतात. हे इंजेक्शन एएनएमनेही, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सनेही, द्यावे अशी सोय सरकारने केली आहे आणि ती अगदी योग्य आहे. ते जमते कारण तिथे कुणाला, किती, किती वेळा हे तिला शिकवलेले असते. एएनएमला जे शिकवता येते ते पदविका घेतलेल्या फार्मासिस्टला शिकवता येणार नाही असे कुणी म्हणू नये. मात्र त्यासाठी काउंटरवर खरा फार्मासिस्ट उभा हवा, भिंतीवर टांगलेले त्याचे प्रमाणपत्र पुरत नाही.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. स्टिरॉइडच्या प्रत्येक ट्यूबवर आणि पट्टीवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत तीन ओळी हव्यात: किती दिवस, कुठे लावू नये, आणि अचानक बंद का करू नये. तिसरी ओळ गोळ्यांसाठी तर जीव वाचवणारी आहे, कारण अनेक आठवडे गोळ्या घेतलेल्याची अधिवृक्क ग्रंथी झोपलेली असते आणि ती जागी व्हायच्या आत औषध तोडले तर रक्तदाब कोसळू शकतो. स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक यांची एकत्र मोट बांधलेली मलमे बाजारातून काढलीच पाहिजेत. इथे मी बंदीच मागतो आहे, कारण त्या मिश्रणाने ज्याचे भले होईल असा रुग्ण शोधून सापडत नाही.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून तो गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतो. रुग्णही १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर तक्रार सांगू शकतो. पण वर्षभरापूर्वीच्या मलमामुळे आज चेहरा जळतो आहे, किंवा तिसऱ्या महिन्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे दिवस राहिले आहेत, हे सांगायला फोन करावा असे कुणाच्या मनात येणार? अशा नोंदी आपण होऊन चालत येत नाहीत, त्या विचारून गोळा कराव्या लागतात. क्षयरुग्णाची सगळी माहिती ‘निक्षय’ पोर्टलवर आधीच भरली जाते: वजन, साखर, एचआयव्हीची तपासणी. त्यात आणखी दोन रकाने घालावेत. उपचार सुरू होताना रुग्ण इतर कोणती औषधे घेतो, त्यात गर्भनिरोधक गोळी आणि काढे-चूर्णेही आली. आणि उपचार संपल्यावर चार आठवड्यांनी, त्या काळात स्त्रीला दिवस राहिले का. चार आठवडे एवढ्यासाठी की शेवटची गोळी घेतल्यावरही वाढलेली विकरे पहिल्या पातळीला यायला वेळ घेतात, आणि तोवर माला-एनवर भरवसा ठेवता येत नाही.